काउंटर बघा, मग टेबल धरा : फ्रान्सच्या गावाकडच्या जेवणाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात फ्रान्सच्या नैऋत्येकडच्या गॅस्कनी भागाबद्दल लिहिताना मी सहज दोन-तीन ओळी टाकल्या होत्या, की तिथे गावागावात अशी रेस्टॉरंटं असतात ज्यांचं स्वतःचं डेली, म्हणजे तयार मांस, चीज, बरण्या विकणारं दुकान, असतं, आत बसून जेवायचं आणि बाहेरच्या काउंटरवरून तेच पाते (बारीक करून शिजवलेलं मांस), तेच हॅम (डुकराचं खारवलेलं मांस), त्याच बरण्या वजनावर घरी न्यायच्या, आणि घरची बाई स्वतः टेबलाशी येऊन जेवण कसं झालं विचारते. बस एवढंच लिहिलं होतं. पण ठाण्यातून, नवी मुंबईतून त्यावर इतके प्रश्न आलेत की ह्या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, रागावू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. आमची मुलगी तुलूझला नोकरीला आहे, सप्टेंबरमध्ये मी आणि मिस्टर पहिल्यांदाच तिच्याकडे चाललोय. ती म्हणते तुम्हाला गावाकडच्या एका रेस्टॉरंटमध्ये नेते, त्यांचं स्वतःचं डेली आहे, लोक फार प्रेमळ आहेत. आम्ही मासे, चिकन, मटण सगळं खातो पण गाय आणि डुक्कर नाही. मिस्टरांना एक वाजला की पानावर बसायची सवय. तिथे नक्की काय असतं आणि आम्ही काय मागवायचं? मुलीला विचारलं तर म्हणते आई तू उगाच टेन्शन घेतेस.
— एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : टेन्शन घेऊ नका हे खरंच, पण तयारी करून गेलात तर मजा दुप्पट येईल. आणि मिस्टरांची एक वाजताची सवय तर तिथे उपयोगालाच येणार आहे, कारण गावाकडे दुपारचं जेवण बारा ते दोन, त्यातही दीड-पावणेदोनला किचन ऑर्डर घ्यायचं बंद करतं आणि मग थेट संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत काही मिळत नाही. आपल्याकडे राममारुती रोडला दुपारी चारला जाऊन बसलं तरी कोणीतरी काहीतरी आणून देतंच, तिथे चार वाजता दाराला कुलूप असतं. रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच ठिकाणं बंदच. त्यामुळे मुलीला आधी फोन करून टेबल सांगून ठेवायला सांगा, गावात तर नक्कीच, माणसं किती येणार त्या अंदाजानं ते बाजार करतात. आणि फोनवरच सांगून टाकायचं की दोघं जण गाय-डुक्कर खात नाहीत. त्यात लाजायचं काही नाही, आयत्या वेळी सांगण्यापेक्षा त्यांनाही ते बरं वाटतं.

आत शिरल्यावर पहिला शब्द "बाँजूर". समोर जो दिसेल त्याला, काउंटरवरच्या बाईला, वेटरला, सगळ्यांना. हे न म्हणता एकदम "टेबल फॉर थ्री" केलं की चेहरे आखडतात, आणि मग आपण घरी येऊन सांगतो की फ्रेंच लोक खडूस असतात. खडूस नसतात हो, दारातून आलेल्या माणसानं आधी नमस्कार करावा एवढीच अपेक्षा असते.

आता माझा सगळ्यात मोठा सल्ला. टेबलावर बसायच्या आधी पाच मिनिटं त्या डेलीच्या काउंटरसमोर उभे राहा. आतला मेन्यू पाटीवर खडूनं, तो पण फ्रेंच वळणाच्या अक्षरात लिहिलेला असतो, तो वाचताना भाषा येणाऱ्यालाही घाम फुटतो, पण काचेमागे सगळं उघडं दिसत असतं. लांबट भांड्यात तेरीन असतं, वरून जेलीचा चकचकीत थर, आणि कापलेल्या बाजूला मांसाचे बारीक-जाड तुकडे, मध्ये कुठे हिरवा पिस्ता. बाजूला वाडग्यात रिएत, म्हणजे चरबीत तासन् तास शिजवून काट्यानं विस्कटलेलं मांस, दिसायला करडं आणि खरं सांगते काही देखणं नाही, पण गरम पावावर लावून खाल्लं की बोलणं बंद. पांढऱ्या घट्ट चरबीत अर्ध्या रुतलेल्या बदकाच्या तंगड्या. वर हुकाला टांगलेलं हॅम. प्रत्येकाच्या पुढ्यात छोटी पाटी, त्यावर नाव आणि किलोचा भाव. बोट दाखवायचं आणि विचारायचं हे कुठल्या प्राण्याचं. जे काउंटरवर चांगलं दिसतं तेच आत मागवा, कारण किचन एकच आहे.

कोकणात जाताना हायवेवर आपण ज्या घरगुती खानावळीत थांबतो ना, जिथे जेवून उठलं की दारातच कोकम, आंबावडी, फणसपोळीची पाकिटं मांडलेली असतात, त्याच जातीचं हे समजा. फक्त तिथे पाकिटात फणसाच्या जागी बदक.

आणि तुमच्यासाठी तो मुलूख उत्तम, कारण तो बदकाचा आहे. डुक्कर मात्र जिथे तिथे लपून बसलेलं असतं, त्याच्यावर लक्ष ठेवायचं.

तुम्ही "कॉन्फी द कनार" मागवा. बदकाची तंगडी आधी मिठात मुरवतात, मग बदकाच्याच चरबीत मंद आचेवर शिजवतात आणि त्याच चरबीखाली साठवतात, फ्रीज नव्हते तेव्हापासूनची पद्धत आहे. वाढताना कातडी कुरकुरीत करून देतात, मांस हाडावरून आपोआप सुटतं. आपल्या लोकांना हे हमखास आवडतं कारण ते पूर्ण शिजलेलं असतं. दुसरा पदार्थ "मॅग्रे", म्हणजे बदकाच्या छातीचा तुकडा, तो स्टेकसारखा भाजून आतून गुलाबी ठेवतात. ही फॅशन ओश गावच्या आंद्रे दागँ ह्या शेफनं १९५० च्या दशकाच्या शेवटाला आणली, त्याच्या आधी छातीचं पण कॉन्फीच व्हायचं. मिस्टरांना गुलाबी मांस चालत नसेल तर "बियाँ क्वी", म्हणजे नीट शिजवलेलं, असं सांगता येतं पण मग मॅग्रे चिवट होतं आणि शेफचं तोंड वाकडं होतं ते वेगळंच, त्यापेक्षा कॉन्फीच घ्या. तसंच मटणाचं समजून लॅम्ब मागवलंत तर तेही आतून लालसर येतं, आधीच सांगा.

"कासुले" दिसेल सगळीकडे, तुलूझची शान आहे ती, पांढऱ्या बीन्स मातीच्या भांड्यात तासन् तास शिजवलेल्या, वर तपकिरी साय धरलेली. वास असा येतो की मन चाळवतं, पण त्यात बदकाच्या जोडीला डुकराचं सॉसेज आणि डुकराची कातडी असतेच असते, तेव्हा तुम्हाला नाही. कोंबडीचे दोन पदार्थ फसवे आहेत. "पूल ओ पो" म्हणजे भाज्यांबरोबर उकडलेली अख्खी कोंबडी, तिच्या पोटातल्या सारणात हॅम असू शकतं. आणि "पुले बास्केझ", सिमला मिरची-टोमॅटोतलं चिकन, आपल्या जिभेला जवळचं, पण त्यातही बरेचजण बायोनचं हॅम घालतात. बदकाच्या पातेमध्ये पण अर्धं डुक्कर असतं, नाव बदकाचं असलं तरी. म्हणून म्हणते काउंटरवर विचारा. ट्राउट मिळाली तर डोळे झाकून घ्या, नदीचा मासा, बदामाबरोबर करतात.

जेवण टप्प्याटप्प्यानं येतं. आधी स्टार्टर, मग मेन, मग चीज, मग गोड, आणि कॉफी एकदम शेवटी, गोडासोबत पण नाही, गोड संपल्यावर. हे असं सावकाश एकत्र बसून जेवणं युनेस्कोनं २०१० मध्ये वारसा यादीत घातलंय, तेव्हा दीड-दोन तास धरूनच चला आणि दर दहा मिनिटांनी वेटरकडे बघू नका. बिल पण मागितल्याशिवाय येत नाही, आणतच नाहीत, त्यांच्या मते न मागता बिल ठेवणं म्हणजे पाहुण्याला उठवणं. पाव प्लेटमध्ये नाही, सरळ टेबलावर ठेवतात, तो हातानं मोडायचा आणि त्यानं रस्सा पुसून खाल्ला तरी गावाकडे कोणी काही म्हणत नाही, उलट बाई खूश होते.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, मी अंडं पण खात नाही, मुलं खातात. ऑफिसच्या ग्रुपसोबत फ्रान्सला जाणं होतंय आणि त्यात एक दिवस असं डेलीवालं कंट्री रेस्टॉरंट ठेवलंय. मी काय पाव खाऊन उठायचं का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : पाव चांगलाच असतो, पण नाही, तेवढ्यावर भागवायची वेळ येणार नाही, जर आधी सांगितलंत तर. न सांगता गेलात तर मात्र खरंच पाव आणि सॅलड. आणि "शाकाहारी" एवढंच सांगून सोडू नका, कारण समोरचा विचारेल "पण मासे चालतील ना?" आणि हॅमचे बारीक तुकडे त्याला मांस वाटतच नाहीत, ते त्याच्या लेखी चव असते. स्पष्ट सांगायचं : मांस नाही, मासे नाहीत, कोंबडी नाही, हॅमचे तुकडे नाहीत, मांसाचं स्टॉक नाही, बदकाची चरबी नाही.

हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण नैऋत्येला बटाटे पण बदकाच्या चरबीत परततात. "पॉम सार्लादेझ" म्हणून लसूण-पार्सली घातलेले बटाट्याचे काप येतील, सोनेरी, घमघमीत, आणि तुम्हाला वाटेल हे तर आपलंच, पण ते बदकाच्या चरबीतले असतात. ऑनियन सूप बहुतेक बीफच्या स्टॉकचं. ल प्वीची हिरवी मसूर, ज्वालामुखीच्या मातीत पिकणारी, आपल्याला डाळ दिसली की जीव सुटतो, पण ती तिथे डुकराच्या मांसाबरोबर शिजवायची पद्धत आहे. कीश लोरेनमध्ये हॅमसारखे तुकडे. पिसालादिएर, कांद्याचा तो सुंदर पिझ्झासारखा प्रकार, त्यावर अँकोव्ही मासे.

मग उरलं काय? "ग्रातँ दोफिन्वा", बटाट्याच्या पातळ चकत्या दूध-क्रीम-लसणात भाजलेल्या. रातातुय, म्हणजे वांगी-टोमॅटो-ढबू मिरचीची भाजी. गरम गोट चीजचं सॅलड, पण त्यावर हॅम टाकू नका सांगायचं. मुलांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात असाल तर सेप मशरूमचं ऑम्लेट, ते सोडू नका, त्या दिवसांत जंगलातून ताजे सेप येतात. मध्य फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागात असाल तर अलिगो, बटाटा आणि ताजं चीज घोटून घोटून असं करतात की चमच्यानं उचललं की हातभर तार निघते, पोरं वेडी होतात.

चीजचं मात्र तुम्हीच ठरवा. रोकफोर, काँते ही नावाजलेली चीजं वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटनंच, म्हणजे दूध गोठवणाऱ्या रसानंच, करतात, नियमच तसा आहे, आणि गावातली बाकीची पण बहुतेक तशीच. काही शाकाहारी लोक ते चालवून घेतात, काही नाही, मी कोण सांगणारी. नसेल चालत तर चीजचा टप्पा सोडून द्या, त्यात कोणाला राग येत नाही. गोडात क्रेम ब्रुले, मूस, क्लाफुती सगळ्यात अंडी. तुमच्यासाठी सॉर्बे, म्हणजे फळांच्या रसाचं बर्फाळ आइस्क्रीम, किंवा फळं, सफरचंदाची टार्ट असेल तर पेस्ट्रीत अंडं आहे का विचारून. डेलीच्या काउंटरवर पण नुसतं मांस नसतं हो, ऑलिव्ह, भाजलेली ढबू मिरची, किसलेल्या गाजराचं सॅलड, किसलेल्या सेलरीच्या कंदाचं मेयोनीजमधलं सॅलड (ह्यात अंडं), असं बरंच असतं, दोन-तीन गोष्टी वजनावर घेऊन प्लेटमध्ये देता का म्हणून प्रेमानं विचारलं तर अशा घरगुती ठिकाणी बहुतेक देतात.

प्रश्न : टिप किती द्यायची? पाणी विकतचंच घ्यावं लागतं का? आणि आम्ही दोघंही पीत नाही, वाइन नाही घेतली तर अपमान होतो का त्यांचा?
— वाशी, सेक्टर १७

उत्तर : नाही होत. "यून कराफ दो" म्हणा, नळाच्या पाण्याचा जग येतो, फुकट, आणि ते पाणी पिण्यासारखंच असतं. पाव पण फुकट. सर्व्हिस चार्ज १९८७ पासून छापील किमतीतच धरलेला असतो आणि टॅक्स पण (जेवणावर १० टक्के, दारूवर २०), त्यामुळे मेन्यू कार्डावर जो आकडा तोच बिलावर, आपल्यासारखं खाली जीएसटीची शेपटी नाही. टिप बंधनकारक नाही. खूश झालात तर टेबलावर दोन-चार युरो ठेवून उठायचं, बास. पैसे वाचवायचे असतील तर दुपारी जा, आठवड्यातल्या दिवशी दुपारचा फिक्स मेन्यू हा रात्रीपेक्षा बराच स्वस्त पडतो आणि किचन तेच असतं. हां, आणि उरलेलं बांधून मागायला लाजू नका, २०२१ च्या जुलैपासून कायद्यानंच मागितलं तर डबा द्यावा लागतो. जुन्या वळणाचा वेटर भुवई उंचावेल, उंचावू दे.

प्रश्न : आमचा मुलगा ९ वर्षांचा, फक्त चिकन नगेट्स आणि फ्राइज खातो. किड्स मेन्यू असतो का?
— ऐरोली

उत्तर : असतो, "मेन्यू आँफाँ" म्हणतात, पण एक लक्षात ठेवा, त्यात बहुतेक "स्टेक आशे" असतो, म्हणजे बीफच्या खिम्याची टिक्की, किंवा हॅमचा काप. बीफ चालत नसेल तर आधीच नाही म्हणा. फ्राइज मिळतीलच, फक्त कशात तळल्यात ते विचारा. आणि त्याला पण काउंटरसमोर उभं करा ना, टांगलेलं हॅम बघून पोरं हजार प्रश्न विचारतात, भुकेची वेळ निघून जाते.

प्रश्न : हाय ताई, मी जूनमध्ये पॅरिस आणि बोर्दो करतोय. मित्रांनी लिस्ट दिलीये, फ्वा ग्रा आण, सॉसेज आण, चीज आण. डेलीमधून काय काय आणता येईल आणि कस्टमला अडकेल का?
— खारघर

उत्तर : अरे मित्रांना सांग तिकीट काढा आणि तिथेच जाऊन खा. फ्वा ग्राची आयात भारतानं २०१४ मध्येच बंद केलीये, बदकांना नळीनं जबरदस्ती खायला घालून त्यांचं लिव्हर फुगवतात म्हणून. फ्रान्समध्ये २००६ च्या कायद्यानं तोच पदार्थ देशाचा सांस्कृतिक वारसा मानलाय, म्हणजे एकाच बरणीबद्दल दोन देशांची दोन मतं. मला विचारशील तर मी नाही खात, पण तुझं तू बघ. बाकी सॉसेज, हॅम, पाते, चीज, सगळं प्राण्यांपासूनचं, आणि असा माल भारतात आणायला सॅनिटरी इम्पोर्ट परमिट लागतं. तू काय बॅगभर सॉसेजसाठी परमिट काढणार आहेस का. सोडून दे.

पण डेलीमध्ये मांसाशिवाय जे असतं ना तेच खरं आणण्यासारखं. अक्रोडाचं तेल घे, पेरिगोर भागातलं, सॅलडवर चमचाभर टाकलं तरी घरभर वास. दिजाँची मोहरी. आजँचे सुकवलेले प्लम, आपल्या आईला देण्यासारखे. चेस्टनटचा गोड लगदा ट्यूबमध्ये किंवा डब्यात मिळतो, आर्देशचा, चपातीला लावून खाल्ला तरी झकास. गेराँदचं जाडं मीठ. आणि एस्पलेतची मिरचीपूड, बास्क भागातली, घरांच्या भिंतींवर लाल माळा टांगून वाळवतात ती. बरण्या सगळ्या चेक-इन बॅगेत टाक, मोहरी आणि जॅमला पण सिक्युरिटीवाले लिक्विडच धरतात, हँडबॅगेत नेलंस तर तिथल्या कचऱ्याच्या डब्याला दान होईल. लेबल वाच, "पोर" दिसतंय का बघ, स्पेलिंग आपल्या पोर्कसारखंच, फक्त शेवटी के च्या जागी सी, कधी कधी बीन्सच्या बरणीत पण निघतं.

पण काउंटरवर खरेदी मात्र कर, तिथेच पिकनिकला खायला. तेरीन मागितलं की ती बाई सुरी वर धरते, मांसाला टेकवून थांबते आणि तुझ्याकडे बघते, एवढा तुकडा? तू म्हणायचं थोडं कमी, ती सुरी बोटभर सरकवते, परत बघते, तू मान हलवलीस की मगच कापते. मग मेणकागदात गुंडाळून, वजन करून, त्यावर पेनानं किंमत लिहून देते. घाई अजिबात करायची नाही, मागे चार माणसं रांगेत असली तरी त्यांना पण स्वतःची वेळ आली की तेवढाच वेळ लागणार असतो.

प्रश्न : मी बरीच हौशी आहे, ओव्हन आहे घरी. ते कॉन्फी म्हणता तसं ठाण्यात घरी करता येईल का? आणि बरणीत भरून ठेवता येतं ना महिनाभर?
— नौपाडा

उत्तर : करता येईल, पण बरणीत महिनाभर बाहेर ठेवायचं अजिबात नाही. तेवढं एक सोडलं तर सोपं आहे. बदक शोधत फिरू नका, चिकनच्या अख्ख्या तंगड्या घ्या, कातडीसकट, चिकनवाल्याला आधी सांगून ठेवावं लागतं नाहीतर तो सवयीनं कातडी सोलूनच देतो. किलोला साधारण २० ग्रॅम मीठ, ठेचलेली मिरी, तमालपत्र, थाइम मिळालं तर थाइम, हे चोळून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी पुसून कोरडं करायचं, खोल भांड्यात एकाला एक चिकटून लावायचं आणि बुडेल एवढं तूप किंवा तूप-तेल मिसळून ओतायचं. हो, बरंच लागतं, पण ते गाळून फ्रीजमध्ये ठेवलं की परत वापरता येतं. ओव्हन १०० ते ११० डिग्री, अडीच-तीन तास. उकळी फुटता कामा नये, क्वचित एखादा बुडबुडा यावा एवढंच. मग खायच्या आधी बाहेर काढून लोखंडी तव्यावर कातडी खाली करून कुरकुरीत करायचं. उरलेलं मांस विस्कटून त्यातच थोडं ते तूप आणि मिरी घालून फेटलं की रिएत झालं, भाजलेल्या पावावर लावा, आपला लादीपाव पण चालतो.

आता बरणीचं. पूर्वी फ्रेंच शेतकरी कॉन्फी महिनोन् महिने चरबीखाली ठेवायचे, पण ते थंडीत मारलेलं बदक, भरपूर मीठ आणि थंडगार तळघर. आपल्याकडे मे महिन्यात ओट्यावरचं तूप वितळून जातं. आणि हवा बंद केली की सगळे जंतू मरतात असं नाही, बोट्युलिझमचा जंतू उलट हवा नसलेल्या जागीच वाढतो, वासावरून कळत पण नाही. त्या डेलीमध्ये दिसणाऱ्या बरण्या नुसत्या भरून झाकण लावलेल्या नसतात, सीलबंद करून परत कितीतरी वेळ तापवलेल्या असतात. ही युक्ती निकोला आपेर ह्या फ्रेंच हलवायानं शोधली, १८१० मध्ये सरकारनं त्याला १२,००० फ्रँक बक्षीस दिलं, आणि गंमत म्हणजे जंतूंमुळे अन्न नासतं हे पाश्चरनं दाखवायच्या कितीतरी वर्षं आधी. तर तुम्ही केलेलं कॉन्फी फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. उरणार नाहीच म्हणा.

प्रश्न : हे सगळं ठीक, पण आजकाल "घरगुती" सगळेच लिहितात. ठाण्यात काय आणि फ्रान्समध्ये काय. टुरिस्टला गंडवणारं ठिकाण आणि खरं ठिकाण कसं ओळखायचं?
— ठाणे पश्चिम

उत्तर : रास्त शंका आहे. फ्रान्समध्ये पण रेस्टॉरंटं तयार फ्रोझन पदार्थ आणून गरम करून देतात, ह्यावर तिथे इतकी बोंब झाली की २०१४ मध्ये सरकारनं "फे मेझाँ" म्हणून खूण आणली, पातेल्यावर घराचं छप्पर असं चित्र, जो पदार्थ कच्च्या मालापासून तिथेच केलाय त्यालाच ते लावता येतं. मेन्यूवर ते शोधा. पण कायद्याला पळवाटा असतात, म्हणून मी अजून दोन-तीन गोष्टी बघते. मेन्यू लांबलचक, पाच भाषांत, फोटोंसकट असेल तर बाहेरूनच बाँजूर म्हणून पुढे निघायचं. तीन-चार स्टार्टर, तीन-चार मेन, एवढंच असेल आणि पाटीवरचा एखादा पदार्थ खोडलेला असेल, म्हणजे संपला, तर चांगलं लक्षण.

आणि डेली असेल तर अख्खं बदक कुठे कुठे जातंय ते शोधा, ह्यात खोटं करणं अवघड. छाती मॅग्रे म्हणून ग्रिलवर, तंगड्या कॉन्फीत, लिव्हरची बरणी, पोटातली पथरी शिजवून काप करून सॅलडवर, मान सोलून तिच्या कातडीत सारण भरलेलं, चरबी बटाट्यांना आणि उरलेली बरणीत विकायला, हाडांचं सूप. हे सगळं काचेमागे आणि पाटीवर मिळून दिसलं की समजा अख्खा पक्षी इथे येतो आणि मागच्या खोलीत कोणीतरी खरंच सुरी घेऊन उभं आहे. नुसतं मॅग्रे आणि नुसते छापील लेबलांचे डबे दिसले तर ते दुकान आहे, वाईट नाही, पण घरचं पण नाही. गावातले लोक डबा-पिशवी घेऊन दुपारी त्या काउंटरवर येतात का ते पण बघा. टुरिस्ट एकदाच येतो, पण शेजारची आजी दर आठवड्याला येते, तिला जुनं तेरीन खपवायची हिंमत कोणाची नसते.

प्रश्न : ताई, आम्ही मागच्या वर्षी अशा एका ठिकाणी जेवलो, मालकीणबाईंनी इतकं केलं आमचं की काय सांगू. आता परत जातोय. त्यांना ठाण्याहून काय न्यावं? मी पेढे आणि घरचं तूप न्यायचं म्हणतेय.
— कळवा

उत्तर : किती छान. पण पेढे नको आणि तूप तर नकोच, युरोपच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ बॅगेतून आणायला मनाई आहे, विमानतळावर सापडलं तर काढून घेतात आणि घरचं तूप असं टाकून देताना बघवत नाही. दुधाशिवायचं काही न्या. कोकम न्या, त्यांच्याकडे बदकाबरोबर आंबट फळं घालायची पद्धत आहेच, संत्रं, चेरी, प्लम, त्यामुळे त्या बाईंना चार आमसुलं दिली की काय करायचं ते बरोबर सुचेल. काजू न्या. तिखट मसाला द्यायचा असेल तर अगदी लहान पुडी द्या आणि फ्रेंचमध्ये चिठ्ठी लिहून चिकटवा, कारण मिरची म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे ती एस्पलेतची सौम्य पूड येते आणि ती ते मुठीनं टाकतात.